अणुभट्टीतल्या धातूचं नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुऊर्जेवर बोलायला उभं राहिलं की प्रश्न येतात ते युरेनियमचे, कचऱ्याचे, नाहीतर अपघातांचे. ज्या नळ्यांत, भांड्यांत आणि बोल्टांच्या आधारानं हे सगळं चालतं, त्या धातूबद्दल क्वचितच कोणी विचारतं. मी धातुशास्त्राचा माणूस, म्हणून मला तीच गोष्ट सगळ्यात नवलाची वाटते. ज्यांनी विचारलं, त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं धातू गंजतो की झिजतो?

दोन्ही नाही. गंज आणि झीज पृष्ठभागावर होते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यामुळे तो धातूत खोलवर शिरतो आणि आतल्या एखाद्या अणूच्या केंद्राला जाऊन धडकतो. त्यामुळे बदल पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत सगळीकडे होतो, आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. नळी तशीच चकचकीत असते.

धातूतले अणू लग्नातल्या पंगतीसारखे ओळीत बसलेले असतात, प्रत्येकाचं पान ठरलेलं. न्यूट्रॉन येऊन एकाला ढकलतो. तो उठतो, दुसऱ्या ओळीत दोघांच्या मधे अंग चोरून बसतो आणि मागे त्याचं पान रिकामं राहतं. रिकाम्या पानाला म्हणायचं रिक्ती, आणि मधे घुसून बसलेल्याला घुसखोर अणू. पुढची सगळी कहाणी या दोघांचीच आहे.

एका न्यूट्रॉनच्या धडकेनं किती अणू उठतात?

न्यूट्रॉन हलका असतो आणि लोखंडाचा अणू त्याच्या ५६ पट जड, त्यामुळे एका धडकेत न्यूट्रॉन आपली फार तर ७ टक्के ऊर्जा देऊ शकतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) न्यूट्रॉनचे ७ टक्के म्हणजे ७० हजारांच्या आसपास झाले, आणि लोखंडाचा अणू जागचा हलवायला सरासरी ४० इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. म्हणजे धडक बसलेला पहिला अणूच स्ट्रायकर होतो. कॅरमच्या पहिल्या फटक्यासारखं: तो दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि काही नॅनोमीटरच्या जागेत शेकडो सोंगट्या उधळतात.

हे सगळं सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात, म्हणजे एखाद्या पिकोसेकंदात घडतं. तेवढी चिमूटभर जागा क्षणभर वितळल्यासारखी होते आणि लगेच निवते.

मग वर्षानुवर्षं हे चालू असताना धातूचा भुगा का होत नाही?

हाच खरा प्रश्न. उठलेले बहुतेक अणू परत बसतात. पहिल्या दहा पिकोसेकंदांतच बरेचसे घुसखोर जवळच्या रिकाम्या पानावर जाऊन बसतात. तिथे आधी दुसराच अणू होता, पण त्यानं काही बिघडत नाही, पंगत पुन्हा भरते. हिशेबानं जितके अणू उठायला हवेत, त्यांतले साधारण एक-तृतीयांशच हा गोंधळ शमल्यावर उपरे राहतात. त्यांतलेही अनेक पुढे फिरता फिरता एकमेकांना गाठून मिटून जातात.

म्हणून अणुभट्टीतल्या धातूचा विचार करताना 'किती अणू हलले' यापेक्षा 'किती अणू परतले नाहीत, आणि ते कुठे जमले' हे बघावं लागतं. चांगला मिश्रधातू मार चुकवत नाही. उठलेल्याला परत बसायची सोय त्यात जास्त असते, एवढंच.

'डीपीए' हा शब्द सारखा येतो. तो काय?

दर अणूमागे विस्थापनं किती, याचं माप. १ डीपीए म्हणजे धातूतला प्रत्येक अणू सरासरी एकदा जागेवरून उठला. हलक्या, म्हणजे साध्या पाण्याच्या भट्टीचं जाड पोलादी भांडं गाभ्यापासून दूर असतं, त्याला अख्ख्या आयुष्यात एक-दशांश डीपीएच्या आतबाहेर मार बसतो. जड पाण्याच्या (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असतो) भट्टीतली दाबनलिका, म्हणजे इंधन आणि दाबाखालचं पाणी धरणारी नळी, काही दशकांत काही दहाई डीपीए खाते. द्रुतगती भट्टीत, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या भट्टीत, इंधनाच्या आवरणाला १०० डीपीए सोसावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे त्यातला प्रत्येक अणू शंभरदा उठून बसला आणि नळी तरी नळीच राहिली!

एक सावधगिरी. डीपीए हे माराचं माप आहे, जखमेचं नाही. तेवढाच मार ६० अंशांना बसला आणि ६०० अंशांना बसला, तर दोन्ही तुकडे अगदी वेगळे निघतात.

तापमानानं इतका फरक का पडतो?

थंडीत अणू गोठल्यासारखे असतात. घुसखोर तरी थोडाफार सरकतो, रिक्ती जागची हलत नाही, त्यामुळे जखमा साचत जातात. फार तापवलं तर दोघंही इतके पळतात की एकमेकांना सहज भेटतात, आणि नवा मार बसतो तोवर जुना भरून निघतो. खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. तिथे दोघंही फिरतात, पण सारख्या वेगानं नाही आणि सारख्या ठिकाणी जात नाहीत. दुर्दैवानं वीज करायला सोयीचं तापमान नेमकं याच पट्ट्यात पडतं.

गॅमा किरणांनीही हे होतं का?

जवळजवळ नाही. गॅमा आणि बीटा मुख्यतः इलेक्ट्रॉन हलवतात, आणि धातूत इलेक्ट्रॉन मोकळेच असतात, लगेच सावरतात. प्लास्टिक, रबर, केबलचं आवरण यांचं मात्र गॅमामुळे वाटोळं होतं.

परत न बसलेले अणू पुढे करतात काय?

टोळ्या करतात. घुसखोर एकत्र येऊन अणूंच्या एका जादा थराची छोटी चकती बनवतात, काही नॅनोमीटर रुंदीची. रिक्ती एकत्र येऊन तशीच चकती किंवा पोकळी बनवतात. सूक्ष्मदर्शकाखाली या चकत्यांच्या कडा कड्यांसारख्या दिसतात, म्हणून त्यांना लूप म्हणतात.

धातू वाकतो तेव्हा त्यात डिसलोकेशन नावाच्या रेषा सरकत असतात. सतरंजीला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत सतरंजी सरकवावी, तसं. या कड्या सुरकुतीच्या वाटेत दगडासारख्या पडतात. परिणाम: धातू कडक होतो आणि ताणून लांब व्हायची त्याची ताकद घटते. पुरेसा जोर लावला तर पहिली सुरकुती काही कड्या पुसून टाकत पुढे जाते. मग मागच्या सगळ्या त्याच मोकळ्या वाटेनं जातात, आणि सगळी विकृती दोन-चार अरुंद पट्ट्यांत गोळा होते. प्रयोगशाळेत ताणलेला असा तुकडा मधेच अचानक बारीक होऊन तुटतो.

स्टील फुगतं हे खरं?

खरं. १९६७ साली स्कॉटलंडमधल्या डाउनरे द्रुतगती भट्टीतून काढलेलं स्टेनलेस स्टील कॉथॉर्न आणि फुल्टन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यांना आत हजारो बारीक पोकळ्या दिसल्या. वायूचे बुडबुडे असावेत असं कोणालाही वाटलं असतं, पण त्या मुख्यतः रिकाम्याच होत्या. म्हणजे धातूनं आपल्या आत 'काहीच नाही' साठवलं होतं.

याचं कारण त्या असमान वागण्यात आहे. डिसलोकेशन घुसखोर अणूंना रिक्तींपेक्षा किंचित जास्त ओढतात. घुसखोर तिकडे जाऊन पंगतीत नवी ओळ वाढवतात आणि रिक्ती मागे उरतात. त्या एकमेकींना भेटतात, आणि पोकळी वाढू लागते. अणू तेवढेच, जागा जास्त, म्हणजेच फुगवटा. आधी बराच काळ काही दिसत नाही. पण एकदा सुरुवात झाली की साधं ऑस्टेनिटिक (क्रोमियम-निकेलचं, नेहमीच्या वापरातल्या जातीचं) स्टेनलेस स्टील दर डीपीएला सुमारे १ टक्का या गतीनं फुगतं, आणि मग त्याला थांबवणं कठीण.

आता द्रुतगती भट्टीचा गाभा डोळ्यांपुढे आणा. षटकोनी नळकांडी एकमेकांना खेटून उभी, मधून द्रवरूप सोडियम वाहतो. मध्याकडची बाजू जास्त मार खाते म्हणून जास्त फुगते, बाहेरची कमी, आणि नळकांडं केळ्यासारखं वाकतं. वाकलेलं नळकांडं उपसून काढायचं म्हणजे कसरतच. कल्पक्कमच्या द्रुतगती चाचणी भट्टीतही, जी १९८५ मध्ये क्रांतिक झाली (म्हणजे तिची साखळी प्रक्रिया आपली आपण चालू लागली), इंधन किती काळ आत ठेवायचं हे ठरवताना इंधनाइतकीच या पोलादाची काळजी करावी लागते.

मग फुगू नये म्हणून काय करतात?

उठलेल्या अणूंना टेकायला जागा वाढवून देतात. सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे नळी थंड अवस्थेतच ओढून साधारण २० टक्के विकृत करायची. त्यामुळे आत आधीपासूनच डिसलोकेशनांचं जंगल असतं आणि भरकटलेल्या अणूला थोड्या अंतरावर काहीतरी सापडतं.

दुसरी युक्ती टायटॅनियमची. डी-९ नावाच्या स्टीलमध्ये १५ टक्के क्रोमियम, १५ टक्के निकेल आणि थोडं टायटॅनियम असतं. टायटॅनियम कार्बनशी जुळून अतिशय बारीक कण करतं. हे कण डिसलोकेशनांना धरून ठेवतात आणि रिक्ती व घुसखोर यांच्या भेटीच्या जागा होतात. कल्पक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप द्रुतगती भट्टीत आवरणाला हेच स्टील निवडलं.

तिसरा मार्ग स्टीलचा घाटच बदलायचा. क्रोमियमचं प्रमाण ९ ते १२ टक्के असलेली फेरिटिक (अणूंची मांडणी वेगळी असलेली) पोलादं खूपच कमी फुगतात. पण ती ६०० अंशांच्या वर मऊ पडतात. त्यावर उपाय म्हणून पोलादाच्या भुकटीत यिट्रियम ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण दळून मिसळतात आणि त्याच्या नळ्या काढतात. कल्पक्कम आणि हैदराबाद इथे त्यावर काम झालं आहे. कागदावर हे सोपं दिसतं. अशी लांब, पातळ नळी दोष न ठेवता ओढणं आणि नंतर वितळवून जोडताना ते कण एकत्र गोळा होऊ न देणं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच विचारावं.

तारापूर ३ आणि ४ या भट्ट्यांत तर सोडियम नाही. तिथे काय?

तिथे झिरकोनियम. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या या दोन जड पाण्याच्या भट्ट्या ५४० मेगावॉटच्या आहेत. यांत एक मोठं दाबपात्र नसतं. आडव्या टाकीतून आरपार गेलेल्या ३९२ दाबनलिका असतात. जुन्या २२० मेगावॉटच्या भट्टीत ३०६. त्या जुन्या नलिकेचं उदाहरण घेऊ: आतला व्यास सव्वाआठ सेंटिमीटर, भिंत तीन-साडेतीन मिलिमीटर, आत इंधनाचे गठ्ठे आणि २५० ते २९० अंशांचं दाबाखालचं जड पाणी.

झिरकोनियमच का? ते मंद न्यूट्रॉन लोखंडाच्या चौदाव्या हिश्शाइतकेच खातं. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीला एकेक न्यूट्रॉन मोलाचा असतो.

पण झिरकोनियमच्या स्फटिकाची मांडणी षटकोनी आहे, चौकोनी नाही. षटकोनी पेन्सिलीचा तुकडा समजा. मार बसला की घुसखोर अणू पेन्सिलीच्या बाजूंवर नवे थर घालतात आणि रिक्ती टोकांकडचे थर कमी करतात. पेन्सिल जाड होते आणि आखूड होते. बाहेरून कोणताही ताण नसताना! सुट्या भुकटीत हे एकमेकांना फिटलं असतं. पण नळी ओढून काढताना बहुतेक पेन्सिली नळीच्या परिघाच्या दिशेनं आडव्या होतात, आणि त्यांचं जाड होणं नळीच्या लांबीत दिसतं. नळी वर्षाला काही मिलिमीटर लांब होते. त्यात आतला दाब आणि इंधनाचं वजन यांमुळे होणारी संथ विकृती मिसळते, म्हणून ती घेरानं वाढते आणि मधे झोळीसारखी खाली येते. घेर वाढला की पाणी इंधनाला वळसा घालून बाजूनं निघून जातं, आणि मग भट्टीची शक्ती थोडी खाली ठेवायची वेळ येऊ शकते. ही सगळी वाढ गृहीत धरून टोकांना सरकायला जागा ठेवलेली असते.

गंमत म्हणजे कडकपणा फार लवकर येतो. त्याला कारण असलेल्या कड्यांची संख्या पहिल्या एक-दोन वर्षांतच जवळजवळ ठरून जाते, पुढे नळी फारशी कडक होत नाही. वेगळ्या प्रतलातल्या दुसऱ्या कड्या मात्र उशिरा उगवतात.

सगळाच तोटा नसतो, हेही सांगायला हवं. आजच्या नळीत अडीच टक्के नायोबियम असतं. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं हे नायोबियम झिरकोनियमच्या कणांतून बारीक ठिपक्यांच्या रूपात बाहेर पडतं, आणि उरलेला धातू पाण्यात पूर्वीपेक्षा कमी गंजतो. भट्टीबाहेर तयार झालेल्या नळीपेक्षा भट्टीत मुरलेली नळी या एका बाबतीत सरस निघते. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही.

जुन्या भट्ट्यांच्या नळ्या बदलल्या म्हणतात. का?

पूर्वी झिरकॅलॉय-२ हा झिरकोनियमचाच जुना मिश्रधातू वापरत. कॅनडातल्या पिकरिंग-२ भट्टीत १ ऑगस्ट १९८३ रोजी अशी एक नळी लांबच लांब फाटली. कर्मचाऱ्यांनी भट्टी रीतसर बंद केली, पण धडा मोठा होता. दाबनलिकेभोवती दुसरी थंड नळी असते आणि दोघींमध्ये अंतर राखायला गार्टर स्प्रिंगची कडी घातलेली असते. ती कडी जागेवरून सरकली होती. झोळ आलेली गरम नळी बाहेरच्या थंड नळीला टेकली. गंजण्यातून धातूत मुरलेला हायड्रोजन, इथे जड पाण्याचा ड्यूटेरियम, त्या थंड ठिपक्याकडे धावला आणि तिथे ठिसूळ फोड तयार झाला.

बघा, न्यूट्रॉननं नळी फोडली नाही. त्यानं तिला झोळ आणला, कडक केली, आणि बाकीचं काम हायड्रोजननं केलं. अणुभट्टीतले बिघाड बहुधा असेच भागीदारीत होतात.

भारतात रावतभाटा-२ च्या सगळ्या नळ्या १९९० च्या दशकात बदलून नायोबियमच्या घातल्या, नंतर कल्पक्कम, नरोरा आणि काक्रापार-१. काक्रापार-२ पासून पुढच्या भट्ट्या सुरुवातीपासूनच नायोबियमच्या नळ्या घेऊन आल्या. नळ्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतात. काढलेल्या नळ्यांचे तुकडे तुर्भ्याच्या भाभा केंद्रात जाड काचेआडून, यांत्रिक हातांनी तपासतात.

ज्या भट्टीत मोठं पोलादी भांडं असतं, ते बदलता येतं का?

नाही, आणि म्हणूनच भट्टीचं आयुष्य बऱ्याचदा ते भांडं ठरवतं. तारापूरच्या १९६९ पासूनच्या दोन जुन्या भट्ट्या या जातीच्या आहेत, कुडनकुळमच्याही. या पोलादाचा त्रास फुगण्याचा नाही, ठिसूळपणाचा. थंडीत पोलाद ठिसूळ होतं हे आपल्याला ठाऊक आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं ठिसूळ होण्याचं तापमान वर सरकतं. मोठा दोषी निघाला तांबे. पूर्वी वेल्डिंगच्या तारांना गंज लागू नये म्हणून तांब्याचा मुलामा देत, आणि तो जोडात शिरला. रिक्ती वाढल्या की तांब्याच्या अणूंना फिरायला वाट मिळते आणि ते दोन-तीन नॅनोमीटरचे पुंजके करतात. टक्क्याच्या काही दशांशाइतकं तांबं, पण भांड्याचं म्हातारपण ओढवून आणणारं.

म्हणून भांड्याच्या आत त्याच पोलादाचे नमुने टांगून ठेवतात आणि ठरलेल्या वर्षांनी काढून चार्पी यंत्राच्या लंबकानं मोडतात. अमेरिकेतली यांकी रो भट्टी १९९१ मध्ये थांबवली, पुढे कायमची बंद केली, ती या भांड्याच्या ठिसूळपणावरच्या प्रश्नांमुळेच.

लोहार करतो तसं तापवून ते दुरुस्त करता येत नाही का?

येतं! रशियन बनावटीच्या काही भांड्यांवर हे केलंय, फिनलंडच्या लोविसा-१ वर १९९६ मध्ये. भांडं रिकामं करून आत विजेच्या शेगड्या उतरवतात आणि जोडाचा पट्टा सुमारे ४७५ अंशांवर शंभरेक तास ठेवतात. पुंजके विरघळतात किंवा मोजक्या मोठ्या गोळ्यांत जमतात, कड्या मिटतात, पोलाद बरंचसं पूर्ववत होतं. ते कायमचं नसतं, मार पुन्हा सुरू होतोच.

बोल्ट तर साधे स्टेनलेसचे. त्यांना काय होणार?

२०१६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट-२ भट्टीत गाभ्याभोवतीच्या पत्र्यांच्या ८३२ बोल्टांपैकी २२७ खराब आढळले. यात एक मूक चोरी असते. धातू बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. रिक्ती या कणांमधल्या सीमेकडे जातात, म्हणजे अणू उलट्या दिशेनं, सीमेपासून दूर सरकतात. क्रोमियम यात सगळ्यात चपळ. त्यामुळे सीमेलगतच्या काही नॅनोमीटरच्या पट्टीतलं क्रोमियम घटतं. स्टीलला 'स्टेनलेस' ठेवायला साधारण ११-१२ टक्के क्रोमियम लागतं, आणि ते नेमकं सीमेवरच कमी पडलं की ताणाखालच्या बोल्टला तिथूनच तडा जाऊ शकतो. कडकपणा आणि पाण्याचं रसायन हे दोघेही यात सामील असतात.

निकेल आणि हेलियमचा काय संबंध?

नैसर्गिक निकेलचा सुमारे ६८ टक्के भाग निकेल-५८ असतो. तो एक न्यूट्रॉन गिळून निकेल-५९ होतो, आणि ते आणखी एक गिळून हेलियम ओकतं. धातूत हेलियमला विरघळायला जागाच नाही, तो रिक्तीत शिरतो किंवा कणसीमेवर बुडबुडे करतो. मंद न्यूट्रॉन भरपूर असलेल्या कॅनेडियन भट्ट्यांत निकेलनं भरलेल्या इन्कोनेलच्या गार्टर स्प्रिंग यामुळे ठिसूळ झाल्या. फुगवट्यावर उपाय म्हणून निकेल वाढवायचं, तर ही बाजूही बघावी लागते.

तीस वर्षांचा मार प्रयोगशाळेत कसा तपासणार?

त्वरकातून, म्हणजे विद्युतभारित अणूंना वेग देणाऱ्या यंत्रातून, जड आयन (असेच भारित अणू) मारून. कल्पक्कमला १.७ दशलक्ष व्होल्टचा त्वरक आहे, त्यातून निकेलचे आयन डी-९ सारख्या पोलादावर सोडले की भट्टीत काही वर्षं लागतील इतके डीपीए काही तासांत होतात. आधी थोडं हेलियमही भरतात. पण घाईची किंमत मोजावी लागते: अणूंना परतायला वेळच मिळत नाही, म्हणून तापमान वाढवून भरपाई करावी लागते. शिवाय मार फक्त वरच्या एक-दोन मायक्रोमीटरमध्ये बसतो. क्रमवारी लावायला हे उत्तम, अंतिम आकडा हवा तर भट्टीतच जावं लागतं.

आणि हा धातू स्वतः किरणोत्सर्गी होतो ना?

होतो, पण ती वेगळी प्रक्रिया. वरचे सगळे बदल अणूच्या जागेचे होते, हा अणूच्या केंद्राचा आहे. स्टीलमधल्या चिमूटभर कोबाल्टचं कोबाल्ट-६० होतं, त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, म्हणून भट्टीच्या स्टीलमध्ये कोबाल्टवर कडक मर्यादा असते. झिरकोनियम-९५ चं अर्धायुष्य ६४ दिवस, ते लवकर शांत होतं. नायोबियम मात्र न्यूट्रॉन घेऊन नायोबियम-९४ होतं आणि त्याचं अर्धायुष्य २० हजार वर्षांच्या आसपास. नळीला बळ देणारं, पाण्यात तिला कमी गंजू देणारं तेच नायोबियम, भट्टीतून काढलेल्या नळीत हजारो वर्षं सोबत राहतं.